आठ टाक्या ऊन

शेडला तापवायचे कशाने, या प्रश्नावर मुरलीधर खिल्लारे आणि त्यांची सून नीलावती यांच्यात दोन दिवाळ्यांपासून जी कुरबुर चालली होती, ती एव्हाना साऱ्या कवडगावाला पाठ झाली होती.

शेड म्हणजे साठ फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद अशी, लोखंडी खांबांवर पत्रा टाकून उभारलेली रेशीमकिड्यांची जागा. चारही बाजूंना जाळी, जाळीवर प्लास्टिकचे पडदे, आत तीन थरांचे रॅक आणि रॅकवर तुतीच्या फांद्या. रेशमाच्या अळीला पंचवीस अंशांच्या आसपास ऊब लागते. वीस अंशांच्या खाली ती पाला सोडते, सुस्तावते आणि कोष विणायची वेळ आली तर अर्धाच विणून थांबते. परभणीकडच्या हिवाळ्याला पूर्वी निदान काही ताल होता. गेल्या दहा-बारा वर्षांत तोही गेला. डिसेंबरात पंखे लावावे लागत आणि मग जानेवारीत अचानक पाच-सहा रात्री अशा येत की पहाटे पारा चार अंशांवर जाऊन बसे. गावोगावच्या हवामान-खांबांवरून आठवडाभर आधी सूचना मिळत असे, एवढेच काय ते सुख.

मुरलीधरराव साखर कारखान्याच्या बॉयलरवर छत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. तंत्रनिकेतनाची पदविका, खिशात कायम सहा इंची पट्टी, आणि कोणतेही काम ठरलेल्या क्रमाने करण्याची सवय. त्यांनी शेडचे क्षेत्रफळ मोजले, पत्र्यातून आणि पडद्यातून किती उष्णता निसटते याचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की थंडीच्या एका रात्रीला सुमारे एकशेवीस युनिट उष्णता लागेल. विजेचे हीटर बाद, कारण थंडीच्या पहाटे सगळा जिल्हाच हीटर लावतो आणि त्याच वेळी वीज जाते. हीट पंपाचीही तीच गत. गॅसच्या शेगड्यांनी आत दमटपणा आणि कोंदट हवा वाढते. तेव्हा उरला एक छोटा बॉयलर. बाहेर उसाचे चिपाड जाळायचे, आतून गरम पाण्याचे पाइप फिरवायचे. एवढ्या विश्वासाने ते बोलत होते की त्यांनी शेषराव जोगदंडांच्या गुऱ्हाळावरून सहा ट्रॉल्या चिपाड आणून बांधावर रचूनही टाकले होते.

“मामा, धूर,” नीलावती एवढेच म्हणाली.

तंबाखू खाऊन कुणी शेडमध्ये पाऊल टाकलेले तिला चालत नसे. उदबत्तीसुद्धा ती घराच्या पलीकडच्या खोलीत लावी. धुराड्याची तोंडे कितीही उंच नेली तरी वारा फिरला की धूर जाळीतून आत येणार, आणि अळी तर असल्या वासाने पाला ओकून टाकते. सासऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या हिशेबात अळी नव्हती, एवढेच.

तिने आणल्या आठ टाक्या.

त्या टाक्यांमागचे शास्त्र मुरलीधररावांनी दोन दिवस वाचून समजावून घेतले होते आणि त्यांना ते, मनाविरुद्ध का होईना, फार आवडले होते. सोडा आणि व्हिनेगर यांच्यापासून होणारे एक मीठ असते. सोडियम ॲसिटेट हे त्याचे नाव. अठ्ठावन्न अंशांना ते आपल्याच अंगच्या पाण्यात वितळते आणि वितळताना भरपूर उष्णता पोटात घेते. उन्हाळ्यात पत्र्यावरच्या काळ्या नळ्यांतून आलेल्या कडक पाण्याने ते पुरते वितळवायचे आणि मग शांतपणे निवू द्यायचे. निवताना खरे तर त्याने अठ्ठावन्न अंशांनाच पुन्हा गोठायला हवे. पण एकही स्फटिक शिल्लक नसेल तर ते गोठायचे विसरते. तीस अंश, वीस अंश, दहा अंश, तरी द्रवच. वैशाखात घेतलेली उष्णता ते तशीच दडवून महिनोन्‌महिने पडून राहते. बाहेरून हात लावला तर टाकी गार. म्हणून तिला ना गोधडी लागते ना अस्तर. हवे तेव्हा वरची कळ दाबायची. कळीच्या पोटातला त्याच मिठाचा एक कण आत पडतो आणि त्या कणाला बघून साऱ्या द्रवाला जणू गोठण्याची आठवण येते. टाकी अर्ध्या तासात अठ्ठावन्न अंशांवर जाते आणि नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यावाटे रात्रभर शेडला ऊब देते. एक टाकी, एक रात्र. एकदा सुटलेली टाकी मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दगड होऊन पडते. मध्येच थांबवण्याची सोय नाही.

“म्हंजे आठ टाक्या ऊन,” शेषराव म्हणाले होते. त्यांच्यासह आसपासच्या अकरा शेडवाल्यांनीही त्याच खेपेच्या टाक्या घेतल्या. जाता-येता चिपाडाच्या ढिगाकडे पाहून मुरलीधररावांना विचारायचे मात्र ते सोडत नसत, “मामा, तुमचं इंजिन कधी सुटतंय?”

नीलावतीने टाक्या बसवल्या त्या दिवशी एक अट घातली. झाकणे उघडायची नाहीत. मुरलीधररावांनी मान डोलावली. तिचा नवरा हर्षद गुजरातच्या समुद्रात पवनचक्क्यांवर कामाला होता. आबांना, म्हणजे वडिलांना, हिवाळाभर इकडे पाठव, इथे थंडी नाही आणि त्यांना आरामही मिळेल, असे त्याचे म्हणणे फोनवर दोनदा झाले होते. नीलावतीने त्यावर हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. मुरलीधररावांना त्या आरामाची धास्ती होती.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खांबावरून सूचना आली. गुरुवारपासून सहा रात्री, पारा चार ते सहा अंश.

नीलावतीच्या अळ्या तेव्हा शेवटच्या अवस्थेत, आठवड्याभरात कोषावर जाणार अशा होत्या. आणि ही खेप साधी नव्हती. बीजोत्पादन केंद्राने पहिल्यांदाच तिला बीजकोषांचे काम दिले होते. या कोषांतून निघणाऱ्या पाखरांची अंडी पुढे शेकडो शेडमध्ये जाणार होती. केंद्राची माणसे कोष कापून पाहणार होती. खेप उतरली तर ती या तालुक्यातली पहिली बीजपालक ठरणार होती. नाही उतरली तर पुन्हा कुणी विचारणार नव्हते.

पहिली टाकी डिसेंबरातल्या एका गार रात्री वापरून झाली होती. उरल्या सात. रात्री सहा. हिशेब बसत होता आणि नेमके हेच मुरलीधररावांना स्वस्थ बसू देईना. टाकीला पातळी दाखवणारी काच नव्हती. आतले पाणी झाकणाच्या फटीतून उडून गेले असेल तर? मिठाचे प्रमाण बिघडले असेल तर? कारखान्यात एकदा काचेने त्यांना फसवले होते. नळी चोंदल्यामुळे काचेत पाणी दिसत राहिले आणि बॉयलर कोरडा पडत गेला. वाफेने एका फिटरचा हात भाजला होता. त्यानंतर छत्तीस वर्षांतली उरलेली वर्षे त्यांनी काचेवर विसंबून काढली नाहीत. जिथे शक्य तिथे सळई बुडवून स्वतः पाहिले.

गुरुवारी सकाळी नीलावती तुती कापायला गेली तेव्हा त्यांनी पेटीतली पितळी सळई काढली. खुणांची, कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी सोबत आणलेली. दहाला सुरुवात. आधी पहिली टाकी, वापरलेली. गोठलेल्या मिठाने पातळी किती बदलते ते कळायला हवे. चार बोल्ट, झाकण, सळई. ती आत टणकन वाजली. बाहेर काढली तर टोकाला पांढरी भुकटी. त्यांनी ती फडक्याने पुसली. मग दुसरी टाकी. बोल्ट, झाकण, सळई, खूण, फडके, झाकण, बोल्ट. तिसरी. चौथी. पाचवी. प्रत्येक टाकीत पातळी अगदी होती तिथेच होती. तेवढ्यात नीलावतीने बांधावरून चहाची हाक दिली. उरलेल्या तीन टाक्या दुपारी पाहू असे ठरवून त्यांनी सळई पेटीत ठेवली. मन बरेच हलके झाले होते.

द्रव दाट राहावा म्हणून मिठात एक डिंक घातलेला असतो. त्यामुळे स्फटिक सुरुवातीला सावकाश पसरतो आणि वरून काही दिसत नाही. मुरलीधररावांनी हेही वाचले होते. पण ते आठवायला त्यांना अर्धा तास लागला.

अकराच्या सुमारास नीलावतीच्या फोनवर टाक्या तापल्याच्या चार सूचना एकामागून एक आल्या. ती शेडच्या मागे धावली आणि तिने दुसऱ्या टाकीला हात लावून झटकन मागे घेतला. मुरलीधरराव तिच्या मागोमाग पोहोचले. दोन, तीन, चार, पाच गरम. सहा, सात, आठ गार. त्यांचा हात सहाव्या टाकीवर होता तेव्हाच त्यांना सारे कळले. फडक्याने पुसलेल्या सळईवर डोळ्यांना न दिसणारे कण राहतात. पहिल्या टाकीतले ते कण त्यांनीच एकेका टाकीत नेऊन सोडले होते.

बाहेर सव्वीस अंशांचे ऊन होते आणि चार रात्रींची ऊब त्या उन्हात निघून चालली होती.

“आपोआप सुटल्या,” नीलावती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “मामा, तुम्ही इथंच होतात. काही आवाज आला?”

“नाही,” मुरलीधरराव म्हणाले. आणि हे खरे होते.

*

कंपनीची अभियंता आफरीन शेख परभणीहून तीनला पोहोचली. तोवर मुरलीधररावांनी शेडला किती फेऱ्या मारल्या त्याची मोजदाद नव्हती. जेवायला बसले आणि उठले. पेटी उघडली, सळई पाहिली, पेटी मिटली. दर अर्ध्या तासाने जाऊन टाक्यांना हात लावला. प्रत्येक खेपेला त्या थोड्या कमी गरम वाटत होत्या, किंवा त्यांना तसे वाटत होते. उघड्या पत्र्याची टाकी अठ्ठावन्न अंशांवरून किती वेगाने निवते याचे गणित त्यांच्या डोक्यात आपोआप चालू होते आणि ते थांबवता येत नव्हते. झाकून घेतल्या तर वाचतील, हेही ते जाणून होते. पण आफरीनने फोनवरच बजावले होते की मी येऊन पाहीपर्यंत टाक्यांना हात लावू नका, गुंडाळू नका, हलवू नका. दोष नेमका कशात आहे ते ठरायला हवे.

ती बारीक चणीची, पंचविशीतली मुलगी होती. तिने झाकणे बाहेरून पाहिली. बोल्ट जागच्या जागी, घट्ट आणि एका रेषेत होते. मुरलीधररावांनी ते नेहमीप्रमाणे मापात आवळले होते. तिने मग टाक्यांतल्या संवेदकांच्या नोंदी फोनवर वाचल्या. शेषराव आणि आणखी दोघे-तिघे शेडवाले येऊन उभे राहिले होते.

“विचित्र आहे,” आफरीन म्हणाली. “दहा दहाला दुसरी तापायला लागली, सतराला तिसरी, चोवीसला चौथी, एकतीसला पाचवी. बरोबर सात-सात मिनिटांनी. मग थांबलं.”

नीलावतीने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

“जवळ कुठं विहिरीचं ब्लास्टिंग झालं का?” आफरीनने विचारले. कुठेच झाले नव्हते. तिने सुस्कारा टाकला आणि सांगायला सुरुवात केली. कारण सापडत नसेल तर ते मिठाचेच मानावे लागेल. म्हणजे ही खेप कच्ची. नीलावतीताईंना कंपनी नव्या टाक्या देईल, पण त्या यायला पंधरा दिवस लागतील. तोवर या टाक्या तपासणीसाठी आहेत तशाच, सील करून ठेवाव्या लागतील. आणि याच खेपेच्या टाक्या ज्या अकरा शेडमध्ये आहेत त्या आज संध्याकाळपर्यंत रिकाम्या करून घ्याव्या लागतील. आपोआप तापणारी टाकी कुणाच्या शेडला लागून ठेवता येत नाही.

“आज?” शेषराव म्हणाले. “ताई, आज रातीपासून तर थंडी हाये.”

“मला माहीत आहे, काका. पण अहवालावर सही केल्याशिवाय मी जाऊ शकत नाही.”

शेषराव आपल्या शेडच्या दिशेने पाहू लागले. त्यांच्या शेडमध्ये त्यांच्या मुलीच्या आणि जावयाच्या अळ्या होत्या. मुरलीधररावांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांना एवढेच दिसत होते की गप्प बसले तर सारे काही सुरळीत आहे. नव्या टाक्या मिळतील. दोष मिठाच्या माथी जाईल. हर्षदच्या फोनला उत्तर द्यावे लागणार नाही. फक्त अकरा शेडमधले ऊन आज नाल्यात ओतले जाईल, आणि समोरच्या चार टाक्या सीलखाली निवून जातील.

ते घरात गेले. पेटी उघडली. पाच पावले बाहेर येऊन त्यांनी पितळी सळई आफरीनच्या हातात दिली.

“मीठ चांगलं आहे,” ते म्हणाले. “झाकणं मी उघडली. आधी गोठलेल्या टाकीत ही बुडवली, मग एकेका टाकीत. पातळी बघत होतो. एका टाकीला मला सात मिनिटं लागतात.”

शेडमधून अळ्यांच्या पाला खाण्याचा आवाज येत होता, लाह्या फुटाव्यात तसा.

आफरीनने सळईच्या खाचा बोटाने चाचपल्या. खाचेत पांढरे कण होते. “काका, झाकण उघडल्याचं मी लिहिलं तर बदली टाक्या मिळणार नाहीत.”

“लिहा.”

“ताई?” तिने नीलावतीकडे पाहिले.

“लिहा म्हणतायत ना ते,” नीलावती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळून तिने अगदी खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, “सात मिनिटं ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं, मामा. दाढीलाबी तुम्हाला सातच लागतात. तुम्ही बोलता का नाही, तेवढंच बघत होते.”

मुरलीधररावांना खाली पाहावेसे वाटले, पण त्यांनी पाहिले नाही.

“रागावायला मला आठवडाभरानं येळ हाये,” ती पुढे म्हणाली. “आता सांगा. झाकल्या तर या चार टाक्या किती दिवस टिकतील?”

गणित दुपारपासून तयार होते. “उघड्या राहिल्या तर उद्या रात्रीपर्यंत कोमट. फूटभर कोरडं चिपाड चारी बाजूंनी आणि वरून असेल तर रोज अंश-दोन अंशच उतरतील. आठवडाही निघेल. कारखान्यात वाफेच्या नळ्यांना आम्ही हेच तर करायचो.”

सगळ्यांच्या माना बांधावरच्या ढिगाकडे वळल्या.

नीलावती ढिगाकडे गेली, हात कोपरापर्यंत आत घालून तिने मूठभर चिपाड काढले आणि हुंगले. वरचे ओले, बुरशीचा वास असलेले तिने बाजूला काढायला लावले. ती बुरशी अळीला लागली तर दोन दिवसांत अळी खडूसारखी कडक होऊन मरते. फक्त आतले, खडखडीत कोरडे घ्यायचे, वारा शेडकडून बाहेर वाहतोय तोवर घ्यायचे, आणि वरून ताडपत्री आवळायची. मुरलीधररावांनी ती सांगेल तसेच केले. शेषरावांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंडाला बांधला आणि पहिली पाटी उचलली.

“शेवटी सुटलंच की इंजिन,” ते म्हणाले.

आफरीन सही करून लगेच निघायची, ती दिवे लागेपर्यंत थांबली. चारही टाक्यांभोवती मिळून चिपाडाचा एकच मोठा कोट झाला तेव्हा शेवटची दोरी तिनेच ओढून बांधली.

*

गुरुवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीतून ऊब घेतली. शनिवारी चौथीतून. गार असलेल्या तीन टाक्यांना नीलावतीने शेवटच्या रात्रींसाठी ठेवले, कारण त्यांना घाई नव्हती. शेडमधला पारा एकदाच बावीसवर गेला आणि परत चढला. शुक्रवारपासून अळ्यांची अंगे पारदर्शक व्हायला लागली, शनिवारी तिने त्यांना कोष विणायच्या प्लास्टिकच्या जाळ्यांवर, चंद्रिकांवर चढवले, आणि अळ्या माना हलवत धाग्याचे आठ-आठचे वेढे घालू लागल्या.

मुरलीधरराव या तीन दिवसांत शेडच्या मागच्या बाजूला फिरकले नव्हते. ओट्यावर बसून राहायचे, उठायचे, खांबावरचा पारा पाहायचे आणि पुन्हा बसायचे. पाचवी टाकी अजून चिपाडाखाली होती आणि तिच्यात किती ऊब उरली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. आतल्या संवेदकाची तार चिपाड रचताना कुणाच्या तरी पायाने तुटली होती. रविवारची रात्र तिच्यावर काढायची की नवी टाकी फोडायची, हे ठरवायचे होते. नवी फोडली आणि थंडी एक रात्र लांबली, तर मंगळवारनंतर हातात काही उरणार नव्हते.

रविवारी ऊन कलताना नीलावती शेडमधून बाहेर आली. तिच्या हातात पितळी सळई होती. आफरीन जाताना ती खिडकीत ठेवून गेली होती. नीलावतीने ती गरम पाण्याने, राखेने आणि पुन्हा पाण्याने घासली होती. ती लखलखत होती.

“चला,” ती म्हणाली. “पाचवीजवळ चिपाडात खुपसा. टाकीच्या अंगाला टेकू द्या. झाकणाला हात लावायचा नाही.”

“किती वेळ ठेवू?”

“ते मी सांगायचं का तुम्हाला?”

त्यांनी ताडपत्रीची कड वर केली आणि सळई हळूहळू आत सरकवली. टोक टाकीला लागल्याचे बोटांना कळले. मग ते तिथेच उकिडवे बसले. नीलावती शेजारी उभी राहिली. ना तिने फोन पाहिला ना त्यांनी घड्याळ. समोर तुतीच्या शेतावर सावली उतरत होती आणि वाऱ्याला धार येऊ लागली होती.

सात मिनिटांनी त्यांनी सळई बाहेर ओढली, एका हाताने धरली आणि तिचे टोक सुनेच्या उघड्या तळव्यावर ठेवले.

नीलावतीने मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

“आजची रात्र निघंल,” ती म्हणाली. “उद्या परत बघा.”